वजनगट आणि मल्लांचा आहार

मॅटवरील कुस्ती वजनगटांनुसार खेळली जाते. त्यामुळे खालच्या गटात उतरण्यासाठी वजने घेण्यापूर्वी अन्नपाणी तोडून, घाम गाळून वजन घटविण्याची प्रथा मल्लांत रूढ झाली आहे. अशा रीतीने घटते ती चरबी नव्हे, तर मुख्यत्वे शरीरातील पाणी. रक्त दाट होते. हृदय व मूत्रपिंडे यांवर ताण पडतो. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रयत्नात दगावले आणि तेथील नियम बदलावे लागले.

वाढत्या वयाच्या मल्लास भाकरी, डाळ, दूध, भाजी व पुरेसे पाणी रोज मिळावयास हवे. वजनगट मुलाच्या प्रकृतीनुसार ठरवावा. गटासाठी मुलाला उपाशी ठेवू नये. शिक्षक, वस्ताद व पंचायत सदस्य यांनी एवढी दक्षता अवश्य घ्यावी.