कॅसिओपी आणि तिच्या नावाची कुळकथा

हिमालयात वृक्षराजी विरळ होऊन उघडे डोंगरउतार सुरू होतात तेथे, सुमारे ३,००० ते ४,५०० मीटर उंचीवर, वीत-दीड वीत वाढणारे एक सदाहरित झुडूप आढळते. त्याची पाने पाने म्हणून चटकन ओळखू येत नाहीत. खवल्यांसारखी बारीक व जाड अशी ती चार ओळींत खोडास इतकी चिकटून असतात की, प्रत्येक फांदी विणलेल्या गोफासारखी दिसते. उन्हाळ्यात तिच्यावर नाजूक देठांच्या टोकांशी पांढऱ्या घंटा लोंबू लागतात. ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुलातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘कॅसिओपी फास्टिजिआटा’ असे आहे.

या नावाचा उगम मात्र दूर उत्तरेस, लॅपलंडच्या दलदलीत शोधावा लागतो. १७३२ साली स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस तेथे हिंडत असता, पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर मान खाली घातलेल्या गुलाबी फुलांचे एक झुडूप त्याच्या दृष्टीस पडले. ग्रीक पुराणातील राजकन्या ॲन्ड्रोमेडा हिला सागरातील राक्षसाचे भक्ष्य म्हणून खडकाला जखडले होते. झुडपाभोवतीच्या बेडकांत लिनीअसला तो राक्षस दिसला व त्याने झुडपास राजकन्येचे नाव दिले. त्या एका वनस्पतीला ही उपमा तंतोतंत शोभते. परंतु १७५३ मध्ये त्याने उत्तरेकडील खवलेदार पानांच्या जातीही याच प्रजातीत घातल्या, आणि नाव उपमेपासून सुटले. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख वालिक याने १८२० मध्ये हिमालयातील झुडपाचे वर्णन केले, तेही ‘ॲन्ड्रोमेडा फास्टिजिआटा’ म्हणूनच. वास्तविक येथे ना दलदल, ना गुलाबी फुले!

१८३४ मध्ये डेव्हिड डॉनने खवलेदार पानांच्या जाती वेगळ्या काढल्या. नव्या प्रजातीच्या नावासाठी तो त्याच कथेकडे वळला. जिच्या सौंदर्याच्या गर्वोक्तीमुळे ॲन्ड्रोमेडावर संकट ओढवले, ती तिची आई कॅसिओपी. (आकाशातील याच मायलेकींच्या तारकासमूहांना मराठीत शर्मिष्ठा व देवयानी म्हणतात, आपल्या पुराणात त्या दोघी सवती आहेत.) नामकरणाच्या नियमानुसार जातिवाचक ‘फास्टिजिआटा’, म्हणजे जवळजवळ उभ्या वाढणाऱ्या फांद्यांची, हे पद तसेच राहिले. म्हणून आजही या नावापुढे कंसात वालिकचा व त्यानंतर डॉनचा उल्लेख केला जातो.