घरची प्लायवुडची मत्स्यटाकी : खर्च किती, काटकसर कुठे?

सहा फुटी टाकी घ्यायची इच्छा असते, पण जाड काचेचा भाव ऐकला की बेत मागे पडतो. मग कोणीतरी सुचवतं, तळ आणि तीन बाजू प्लायवुडच्या करा, काच फक्त समोर लावा. ही पद्धत खात्रीची आहे आणि अशा टाक्या वर्षानुवर्षं टिकतात. मात्र ‘प्लाय म्हणजे स्वस्त’ असं समजून काम हाती घेऊ नका. काचेवर वाचलेले पैसे चांगला प्लाय आणि पक्का जलरोधक लेप यांवर घालायची तयारी असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

हिशेबासाठी बाहेरून 6 फूट लांब, 3 फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी धरली आहे. आकडे शहरी बाजारातले ढोबळ आहेत. गाव, ब्रँड आणि जीएसटीनुसार ते कमीजास्त होतील.

आधी जागा तपासा

काठाखाली दोन इंच सोडून भरली तरी या टाकीत सुमारे 1,100 लिटर पाणी मावतं. प्लाय, काच, स्टँड, वाळू आणि दगड धरले की एकूण भार दीड टनाच्या जवळ जातो. राहत्या घराच्या स्लॅबचं गणित प्रति चौरस मीटर साधारण 200 किलो वापरभार धरून केलेलं असतं. ही टाकी तेवढ्याच जागेवर त्याच्या चौपटीहून अधिक भार टाकते. म्हणून तळमजला सर्वांत उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवून लेखी सल्ला घ्या. त्याची फी हा या कामातला पहिला आणि सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. भाड्याच्या घरात हा घाट घालू नये.

टाकी आणि स्टँड

• प्लाय, 19 मिमी, 8 × 4 फुटांचे 4 शीट (128 चौ. फूट, दर ₹120 ते 150) : ₹15,400 ते 19,200
• समोरची काच, 15 मिमी, साडेबारा चौ. फूट, कडा घासून : ₹4,000 ते 6,000
• इपॉक्सी सुमारे 8 किलो आणि फायबर ग्लासचं कापड : ₹6,500 ते 9,000
• सिलिकॉन, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, गोंद, पॉलिश पेपर, ब्रश, हातमोजे : ₹3,000 ते 4,000
• सुताराची मजुरी, 2 ते 3 दिवस : ₹3,500 ते 5,000
• लोखंडी चौकोनी पाइपचा स्टँड, 80 ते 90 किलो : ₹9,000 ते 12,000

बेरीज : ₹41,000 ते 55,000.

पूर्ण काचेच्या टाकीला याच मापात 63 चौरस फूट काच लागते. इथे साडेबारा फुटांत भागतं. तरीही सहा फुटांच्या टाकीत रोख बचत बेताचीच होते, कारण इपॉक्सी आणि सुतारकाम त्यातला बराच वाटा खातात. टाकी आठ फुटांच्या पुढे गेली की फरक ठळक दिसतो. चार फुटांची टाकी हवी असेल, तर सरळ तयार काचेची घ्या.

हात आखडू नये अशा तीन जागा

*प्लाय.* शीटवर आयएसआय चिन्हासह ‘आयएस 710’ हा शिक्का पाहूनच घ्या. हा मरीन प्लाय. या दर्जाला 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावं लागतं. फर्निचरसाठी मिळणारा साधा एमआर प्लाय दमटपणा सोसतो, पाण्याचा मुक्काम सोसत नाही. शंका आली तर दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्या आणि घरी काही तास उकळा. थर सुटले किंवा कडा फुगली, तर तो माल नको.

*लेप.* सॉल्व्हंट नसलेलं, दोन भागांचं इपॉक्सी मागा. गच्चीला लावतात ती वॉटरप्रूफिंग रसायनं इथे चालत नाहीत. त्यांत बुरशीनाशकं असू शकतात आणि ती माशांच्या जिवावर बेततात. पाणी शिरतं ते बहुधा प्लायच्या सपाट पृष्ठातून नव्हे, तर कापलेल्या कडांतून आणि कोपऱ्यांतून. म्हणून कडांना आधी पातळ हात देऊन इपॉक्सी मुरू द्या. मग आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सी आणि बारीक लाकडी भुशाचा लगदा बोटाने गोलसर भरा, त्यावर फायबरची पट्टी बसवा आणि सगळीकडे किमान तीन हात मारा. एका वेळी थोडंच मिश्रण कालवा. डबाभर कालवलेलं इपॉक्सी स्वतःच तापतं आणि हातातच घट्ट होतं. पावसाळ्यात हे काम टाळा. दमट हवेत थरावर तेलकट पापुद्रा येतो आणि पुढचा हात धरत नाही.

*काच.* समोरच्या फळीत खिडकी कापा. काच खिडकीपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठी घ्या आणि आतून बसवा, म्हणजे पाण्याचा दाब तिला चौकटीवरच रेटेल. सिलिकॉन कच्च्या लाकडाला नीट धरत नाही. त्यामुळे काच टेकते तिथला इपॉक्सीचा थर पॉलिश पेपरने घासून, पुसून मगच सिलिकॉन लावा. ते बुरशीनाशक न घातलेलंच हवं. 15 मिमी ही किमान जाडी समजा. 19 मिमी परवडत असेल तर तीच घ्या.

काटकसर करायची तर उंचीत

अडीच फुटांच्या टाकीत समोरच्या बाजूवर पाण्याचा रेटा 400 किलोंहून अधिक असतो. हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. उंची अडीचऐवजी दोन फूट केली, तर तो जवळपास 40 टक्क्यांनी उतरतो. माशांना पोहायला लांबी-रुंदी लागते, उंची तुलनेने कमी. त्यामुळे इथे अर्धा फूट कमी केल्याने त्यांचं काही बिघडत नाही आणि तुमचा धोका व खर्च दोन्ही घटतात.

टाकी चालती करायला

• संप, ताशी 4,000 ते 5,000 लिटरचा पंप, पाइप, फिल्टर मीडिया : ₹12,000 ते 18,000
• एलईडी दिवे : ₹4,000 ते 8,000
• वायरिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी : ₹2,500 ते 3,500
• वाळू, दगड, ओंडके : ₹2,000 ते 4,000

हे धरून एकूण खर्च ₹62,000 ते 89,000. यातला आरसीसीबी वगळू नका. पाण्यात हात घालून काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

दरमहा 60 वॅटचा पंप अहोरात्र आणि तेवढेच दिवे आठ तास चालले, तर सुमारे 58 युनिट जळतात. बिल वरच्या टप्प्यात जात असेल तर तेही मोजा. वीज, खाद्य आणि फिल्टर मीडिया मिळून ₹1,500 ते 2,000 धरा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तर पावणेतीनशे लिटर क्लोरीन काढलेलं पाणी हवं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा ठरतो.

मासे सोडण्यापूर्वी

शेवटच्या हातानंतर इपॉक्सी किमान सात दिवस वाळू द्या. मग टाकी एकदम न भरता रोज थोडी भरा, प्रत्येक पातळीला कोपरे आणि काचेची कड बोटाने चाचपा. पूर्ण भरल्यावर आठवडाभर तशीच ठेवा. ते पाणी टाकून द्या आणि फिल्टर सुरू करा. उपयुक्त जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरला नाही, तर महागडे मासे अमोनियाने मरतात.

आता निर्णयाचं. एकरकमी नव्वद हजार आणि पुढे महिन्याला दोन हजार बाजूला काढता येत असतील, घर स्वतःचं आणि जमीन भक्कम असेल, तर जरूर बांधा. पैसे कमी पडत असतील, तर प्लाय किंवा इपॉक्सीचा दर्जा उतरवण्याऐवजी टाकीचं माप उतरवा. लहान पण निर्धोक टाकीतले मासे जास्त सुखात राहतात आणि घरातली माणसंही.