टाके निघाले, आता पुढचं ऐक

मनू, डोक्याची पट्टी सुटली नाही तोच “आत्या, गोळ्या कधी बंद?” हे पालुपद सुरू झालं तुझं. झटके जिथून उठायचे तो डाव्या कानशिलामागचा मेंदूचा भाग डॉक्टरांनी काढला, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. आता तुझं सुरू. ऑपरेशन एका दिवसाचं, राखण रोजची.

१. डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी सोडायची नाही. बहुतेकदा वर्ष-दोन वर्षं त्या चालतात आणि मग एकेक करून उतरवतात — एकदम थांबवल्या तर शांत झालेले झटके पुन्हा उठू शकतात.

२. आठवड्याच्या खणांची डबी आण आणि रविवारी रात्री भरून ठेव — “घेतली असेन बहुतेक” यावर भरवसा नसतो. रिकामा खण, निवांत मन.

३. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आण, आणि दुकानदाराने “औषध तेच, कंपनी वेगळी” म्हणून दुसरं पाकीट पुढे केलं तर आधी डॉक्टरांना विचार — कंपनी बदलली की रक्तातलं औषधाचं प्रमाण थोडं वरखाली होऊ शकतं.

४. गरबा खेळ, हळदीला नाच, पण वेळेवर घरी येऊन झोप — जागरण हे झटक्याला आवतण आहे. झोपेची उधारी व्याजासकट वसूल होते.

५. संकष्टीला नुसत्या चहावर दिवस ढकलू नकोस, आणि उपास आहे म्हणून गोळी तर मुळीच चुकवू नकोस — घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने कुठलाच देव रागावत नाही.

६. घास चावताना जबडा आखडला तर घाबरू नकोस, थोडे दिवस भाकरी आमटीत कुस्करून खा — चावायचा स्नायू ऑपरेशनच्या वेळी बाजूला करावा लागतो, तो हळूहळू सैल होतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत भरलेली बादली दुसऱ्याला उचलू दे.

७. फडताळाचं उघडं दार डोक्याला लागलं तर स्वतःला वेंधळी म्हणू नकोस, नजरेची तपासणी करून घे — डोळ्यांकडून येणारी एक वाट मेंदूच्या त्याच भागातून वळसा घेते, त्यामुळे तुझ्या उजवीकडचा वरचा कोपरा दिसेनासा झालेला असू शकतो. रस्ता ओलांडताना मान पुरती वळव.

८. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर अडलं तर थांब, आणि रोजच्या कामांची यादी वहीत लिही — बहुतेकांचे शब्द आणि नावं मेंदूच्या डाव्या बाजूला सांभाळली जातात.

९. त्याच वहीत मागच्या पानावर झटक्यांची नोंद ठेव. पोटातून वर चढणारी ती ओळखीची लहर नुसती येऊन गेली तरी तारीख टाक — डॉक्टर गोळ्यांचं ठरवतात ते अशा नोंदींवरून. पहिल्या काही आठवड्यांत एखादा झटका आला म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं नसतं, पण त्यांना लगेच कळव.

१०. सगळं चांगलं असताना रडू आलं, चिडचिड झाली तर लपवू नकोस — पहिल्या वर्षात असं पुष्कळांचं होतं, लेव्हेटिरासिटॅमसारख्या गोळ्यांनीही स्वभाव तापतो, आणि दोन्हींवर उपाय आहे. जिवाचं बरंवाईट मनात आलं तर त्याच क्षणी कुणाला तरी हाक मार.

११. स्कूटीची किल्ली सध्या बाबांकडेच राहू दे, आणि आंघोळीला आतून कडी नको — लायसन्सच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, त्याला खरंच उत्तर द्यायचं.

१२. स्थळ आलं की सगळं सांगूनच पुढे जा — हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलाय. घरं मोडतात ती लपवाछपवीने. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधी डॉक्टरांशी बोल — व्हॅलप्रोएटसारखी औषधं पोटातल्या बाळाला बाधतात, आणि ती आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचं.

१३. घरच्या प्रत्येकाला शिकव: झटका आला की कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको आणि चप्पल तर नकोच — चमच्याने दात तुटतात आणि वासाने झटका थांबत नाही.

एवढं सांभाळ, बाकी मनासारखं जग, शीक, नोकरी कर, भांडायचं तर भांड. पुढच्या तपासणीला वही आणि डिस्चार्जचे कागद बरोबर ने, आणि काही अडलं तर रात्री-अपरात्री मला फोन कर.