उदासपणा : मनोवस्था आणि वातावरण

'खिन्न' हे विशेषण मराठीत प्रायः माणसाला लागते. 'उदास' मात्र माणसाला, घराला आणि संध्याकाळलाही. मुळात या शब्दात दुःख नव्हते. संस्कृत 'उदासीन' म्हणजे अलिप्त बसलेला. गीतेच्या 14व्या अध्यायात ते गुणातीताचे लक्षण आहे. मराठीत ही अलिप्तता विषादाकडे झुकली आणि मनातून वातावरणात उतरली. 'मळभ'चा प्रवास याच्या उलट : आधी आभाळाला, मग मनाला.

परंतु आभाळ स्वतः उदास असते काय? गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीच्या धानपट्ट्यात आषाढातील मळभ रोवणीची लगबग घेऊन येते. त्याला कोणी उदास म्हणणार नाही. तेच कार्तिकात, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडून असताना दाटले, की घरादारावर अवकळा पसरते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत मळभ हा उद्दीपन विभाव, विषाद हा व्यभिचारी भाव. उद्दीपन भावाला चेतविते, जन्म देत नाही.

बालकवींच्या 'औदुंबर'पाशी ही मांडणी अडखळते. आठ ओळींच्या या कवितेत दुःखवाचक शब्द नाही, दुःखाचे कारण नाही, दुःखी माणूसही नाही. तरीही अनेक वाचकांना ती विषण्ण वाटते. कवीच्या चरित्रातून तिला आलंबन पुरविणे सोयीचे खरे, पण ते कवितेबाहेर जाणे होय. 'पारवा'त निदान खचलेली भिंत आहे. येथे हिरवळ आणि पाणी. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे जाते, वृक्ष तेवढा बसलेला. 'उदासीन'मधील 'आस्' धातूचा अर्थही बसणे हाच.