जोड कशानं धरायचा?

चि. मृण्मयी,


मॉडेलचे फोटो पाहिले. उतरत्या छपराचं घर झकास उतरलंय. खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकवर पांढुरकी झाक आलीय, त्यावर तू लिहितेस की शीटच खराब निघाली. शीटचा काही दोष नाही. ती करणी फेविक्विकची. ते घट्ट होताना त्याची वाफ उठते आणि आसपासच्या गुळगुळीत पृष्ठभागावर जाऊन बसते. पोलिसांचे तज्ज्ञ याच वाफेनं वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवतात, मग तुझ्या काचा कशा सुटतील?

सबमिशन सकाळी असलं की तुम्ही मुलं चिकटवायला काय घ्यायचं हे वेगावरून ठरवता. मी सांगेन, आधी ते वाळतं कसं ते बघ. फेविकॉल पाणी सोडून वाळतं, म्हणजे जोडायच्या दोन पृष्ठभागांपैकी निदान एकानं तरी ते पाणी प्यायला हवं. माउंट बोर्ड, बाल्सा, एमडीएफ पितात, म्हणून तुझं बहुतेक काम फेविकॉलनंच होईल. अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅक्रिलिक ठेवलंस तर मधलं पाणी जाणार कुठं? याच पाण्यामुळे माउंट बोर्डावर एका बाजूनं मोठा कागद डकवला की बोर्ड वाकतो. बाइंडिंगवाले पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही कागद लावतात, ते उगाच नाही. तसा पाठीमागून लाव, नाहीतर सरळ दुहेरी टेप वापर.

आणि फेविकॉल ओतू नकोस गं! कडेवर टूथपिकनं पातळ रेघ ओढ, थोडं आळू दे, मग भिंत उभी कर आणि गुण्या लावून मास्किंग टेपनं धरून ठेव. बाहेर आलेलं ओलं असतानाच ओल्या फडक्यानं पूस. बाल्साला रंग द्यायचा असेल तर चिकटवण्याआधी दे, कारण फेविकॉल लागलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही आणि डाग उठून दिसतो.

थर्माकोलच्या कंटूरना फेविबॉन्ड लावायचा मोह होईल. त्यातला द्रव थर्माकोल खाऊन खड्डे पाडतो. फोम बोर्डाच्या पोटातही बहुधा तोच पदार्थ असतो, तेव्हा कापलेल्या कडा जप. दोन्हीकडे फेविकॉलच चालेल, फक्त थर माखण्याऐवजी ठिपके दे आणि वजन ठेवून रात्रभर विसरून जा.

आता खिडक्या. अ‍ॅक्रिलिकच्या जोडासाठी मॉडेलवाले क्लोरोफॉर्म वापरतात. ते मुळात चिकटतच नाही. कडा विरघळवून एकमेकींत मिसळवतं आणि उडून जातं. तुकडे आधी कोरडेच नीट जुळव, मग सिरिंजनं एक थेंब फटीशी सोड. तो आपोआप आत ओढला जातो. पण त्याची वाफ विषारी आहे, हॉस्टेलच्या बंद खोलीत हे करायचं नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, सरांना सांगून, खिडक्या उघडून कर. तुझ्या खिडक्यांसारखं अ‍ॅक्रिलिक पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं असेल तर मागून टेपची बारीक पट्टी पुरते, क्लोरोफॉर्म लागतच नाही.

धातूची तार लाकडी बेसमध्ये रोवायची असेल तर अ‍ॅरल्डाइट. पाकिटावरचं प्रमाण पाळ, एवढंच.

फेविक्विक अगदीच टाकाऊ नाही, बारीक कठड्याला ते सोयीचं. मात्र सांडलं तर कापसानं किंवा सुती फडक्यानं पुसू नकोस. सुताशी गाठ पडली की ते एकदम तापतं, बोट भाजतं.

पुढचं मॉडेल सुरू करण्याआधी उरलेले दोन तुकडे चिकटवून ठेव आणि सकाळी वाकवून बघ. जोड चांगला असेल तर बाल्सा फाटेल, पण जोड सुटणार नाही.

तुझा,
मामा