मोनॅकोची मोटारशर्यत : एका प्रवासाची आंखणी

भूगोलाच्या तासाला भूमध्यसमुद्राचा नकाशा चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, मोनॅकोची मोटारशर्यत पाहावयास जावयाचें झाल्यास काय काय करावें लागेल ? वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पुढील दोन तास आम्हीं सर्वांनीं मिळून त्या प्रवासाची आंखणी केली. तीच थोडी नीटनेटकी करून येथें देत आहों. ज्यांस खिशांत हात घालावा लागणार, त्या पालकांनींही ती वाचावी अशी आमची इच्छा आहे.

मोनॅको हें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यांत वसलेलें चिमुकलें राज्य. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २ चौरस किलोमीटर. तेथें शर्यतीसाठीं निराळें मैदान कोठून मिळणार ? आणि तरीही शर्यत तेथें सुरू झाली, ती जागेच्या या टंचाईमुळेंच. १९११ पासून तेथील मोटारक्लब माँटे कार्लो रॅली भरवीत असे. परंतु रॅलीच्या गाड्या धांवत त्या दुसऱ्या देशांच्या रस्त्यांवरून. आंतरराष्ट्रीय संस्थेकडे राष्ट्रीय क्लब म्हणून मान्यता मागतांच उत्तर आलें कीं, तुमच्या स्वतःच्या भूमीवर एकही शर्यत होत नाहीं. तेव्हां आंतोनी नोगेस या गृहस्थांनीं गांवांतल्याच रस्त्यांचा एक फेरा मनाशीं जुळविला, आणि १४ एप्रिल १९२९ रोजीं पहिली शर्यत झाली.

आज त्या फेऱ्याची लांबी ३.३३७ किलोमीटर असून गाड्यांस ७८ फेरे, म्हणजे सुमारें २६० किलोमीटर, धांवावें लागतें. बंदराजवळून निघालेली गाडी प्रथम संत देवोता हिच्या लहानशा देवळापाशीं उजवीकडे वळते. ही कुमारी इ. स. ३०४ च्या सुमारास कॉर्सिका बेटांत ख्रिस्ती धर्मासाठीं मारली गेली व तिचें शव घेऊन निघालेली होडी या किनाऱ्यास लागली, अशी कथा आहे. दर वर्षीं २६ जानेवारीच्या सायंकाळीं देवळासमोर एक होडी जाळण्यांत येते. तेथून उभा चढ चढून गाड्या कॅसिनोच्या चौकांत येतात, पुन्हां उतरतात, आणि एका इतक्या आंखूड वळणाशीं पोहोंचतात कीं, तेथें त्यांचा वेग ताशीं ५० किलोमीटरांच्या आसपास येतो. थोड्याच वेळांत त्या बोगद्यांत शिरतात. बोगद्याच्या काळोखांतून समुद्रावरील लखलखीत उन्हांत त्या बाहेर पडतात, तेव्हां तोच वेग ताशीं २८० किलोमीटरांच्या वर गेलेला असतो. मग बंदराचा कांठ, पोहण्याचा तलाव, रास्कासचें वळण आणि शेवटीं नोगेस यांचेंच नांव दिलेलें वळण.

हें सारें इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, प्रेक्षकास यांतील एखादाच तुकडा दिसतो. बसावयाची जागा ठरली म्हणजे प्रवासाचा निम्मा विचार ठरला. बंदराच्या बाजूच्या मंचांवर क्रमांकाच्या जागा असतात आणि रविवारीं त्यांचें मोल फार चढतें. राजवाड्याच्या खडकाच्या उतारावर मात्र क्रमांक नाहीं. तिकीट स्वस्त, पण पहाटे जाऊन जागा धरावी लागते व दिवसभर ऊन सोसावें लागतें. तिकीट तेथील मोटारक्लबाच्या विक्रीखात्यांतूनच घ्यावें. तिऱ्हाइताच्या स्वस्ताईस भुलूं नये.

रविवारींच जावें काय, यावर वर्गांत वाद झाला. शर्यत रविवारची हें खरें. परंतु रस्ते इतके अरुंद आहेत कीं, पुढच्या गाडीस मागें टाकणें फार कठीण; म्हणून निघतांना पुढचें स्थान कोणास मिळावें हें ठरविणारी शनिवारची कसोटीच पुष्कळदां निकाल लावून जाते. अपवाद घडतात. १९९६ मध्यें चौदाव्या स्थानावरून निघालेला ओलिव्हिए पानिस पहिला आला. त्या दिवशीं अखेरची रेषा ओलांडणाऱ्या गाड्या अवघ्या तीन होत्या! पण अपवादावर भिस्त ठेवून कोणी घरचा पैसा खर्चूं नये. शुक्रवारचा सराव व शनिवारची कसोटी पाहावी, असें आमचें मत पडलें. सायंकाळीं रस्ते लोकांस मोकळे होतात, तेव्हां सारा फेरा पायीं चालतां येतो, त्यास तिकीटही नको.

आतां तारीख. पूर्वीं ही शर्यत ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणास जोडून होत असे, आणि बहुधा गुरुवारीं सराव करून शुक्रवारीं गाड्या विसावा घेत. २०२२ पासून ती प्रथा राहिली नाहीं. आणि २०२६ पासून शर्यतीसाठीं जूनचा पहिला शनिवार-रविवार नेमिला आहे. आमच्याकडील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, म्हणजे सुटी कशीबशी पुरते.

मुक्काम मोनॅकोंत करणें सामान्य कुटुंबाच्या आंवाक्याबाहेरचें. नीस शहरांत उतरावें. विमानतळही तेथेंच, आणि तेथून आगगाडीनें मोनॅको अर्ध्या तासाच्या आंत येतें. व्हिसा काढावयाचा तो फ्रान्सचा शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज निघण्याच्या ६ महिने आधींपासून घेतात, व निदान १५ दिवस आधीं तो द्यावाच लागतो. परंतु पंधरवड्यावर विसंबणारा मनुष्य घरींच राहण्याचा संभव अधिक. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमाही लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं आधीं विमानाचें तिकीट लिहिलें होतें. तें खोडून व्हिसा वर नेला. जें परत करतां येत नाहीं, तें सर्वांत शेवटीं घ्यावें.

एका पालकांनीं विचारलें कीं, घरीं पडद्यावर सर्व फेरा दिसतो, मग इतका खर्च कशाला ? प्रश्न रास्त आहे. पण पडद्यावर चढ सपाट दिसतो आणि गाडी व भिंत यांमधील अंतर कळत नाहीं. तें अंतर किती थोडें आहे, हें तेथील इतिहास सांगतो. १९५५ मध्यें आल्बेर्तो आस्कारी गाडीसह बंदराच्या पाण्यांत पडला व पोहून वर आला. चारच दिवसांनीं मोंझा येथें त्यास मृत्यूनें गांठलें. १९६७ मध्यें लोरेंझो बांदिनी याची गाडी बंदराजवळ उलटून पेटली. कडेस रचलेल्या गवताच्या भाऱ्यांनीं आग अधिकच भडकली, आणि तीन दिवसांनीं तो वारला. त्यानंतर ते भारे गेले. आतां कडेस पोलादी कठडे असतात. लहान मुलें बरोबर असल्यास कानांचें संरक्षण अवश्य न्यावें.

सायंकाळच्या त्या पायीं फेऱ्यांत आम्हीं एक थांबा मुद्दाम लिहून ठेविला आहे. संत देवोतेच्या वळणाशीं एका जुन्या बुगाटी गाडीचा व तींत बसलेल्या मनुष्याचा पुतळा आहे. हा विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, १९२९ चा पहिला विजेता. त्यानें १०० फेरे जवळजवळ ४ तासांत, ताशीं सुमारें ८० किलोमीटर वेगानें पुरे केले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, जर्मनांनीं व्यापिलेल्या फ्रान्समध्यें, तो ब्रिटिशांच्या गुप्त कामगिरीवर गेला. १९४३ मध्यें तो पकडला गेला आणि साक्सनहाउसेनच्या छावणींत त्यास ठार मारण्यांत आलें.

हें सांगून झाल्यावर वर्ग कांहीं वेळ गप्प होता. मग ज्यानें मूळ प्रश्न विचारला होता, त्यानें वहींतील रविवारचें तिकीट खोडलें, आणि शुक्रवारच्या रकान्यांत लिहिलें : "सायंकाळीं पायीं फेरा. पुतळ्यापाशीं थांबणें."