काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही

चोरीचा फटका एक वेळ माणूस सोसतो. पण चोरी झाली हेच पटवून द्यायची वेळ आली की नाकी नऊ येतात. लंडनच्या हॅरो भागात, घरासमोर उभ्या असलेल्या आमच्या गाडीतून लॅपटॉपची बॅग, नवऱ्याचा चष्मा आणि कप्प्यातली चिल्लर गेली. काचा शाबूत, दारं बंद, कुलपावर ओरखडाही नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातले कागद मात्र शेजारच्या सीटवर पसरलेले, कोणीतरी निवांत बसून चाळल्यासारखे. पुण्याहून भावाचा पहिलाच प्रश्न आला, "ताई, गाडी लॉक केली होतीस ना?" पोलिसांच्या फॉर्मवर तोच प्रश्न, विमा कंपनीच्या फोनवरही तोच.

केली होती, आणि त्याचा पुरावा दारावरच्या कॅमेऱ्यात होता. संध्याकाळच्या चित्रणात गाडीचे आरसे आत मिटताना दिसतात. आमच्या गाडीचे आरसे लॉक झाल्याशिवाय मिटत नाहीत. पहाटेच्या चित्रणात दोघे येतात. एक जण आमच्या दाराशी येऊन पिशवीएवढी चपटी वस्तू दारावरून आणि भिंतीवरून हळूहळू फिरवतो. दुसरा गाडीच्या हँडलपाशी उभा. इंडिकेटर लुकलुकतात, आरसे उघडतात, दार उघडतं. किल्ली त्या वेळी दाराच्या आत, खुंटीवरच होती.

याला रिले पद्धतीची चोरी म्हणतात. बिनकिल्लीच्या गाडीत किल्ली खिशातच राहते. आपण हँडलला हात लावला की गाडी अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, साद घालते. ही साद जेमतेम मीटर-दोन मीटर पोचते. किल्लीचं उत्तर मात्र जास्त फ्रिक्वेन्सीवर येतं आणि बरंच लांब जातं. म्हणून किल्लीने उत्तर दिलं की गाडी समजते, मालक जवळच आहे. चोरांची दोन यंत्रं गाडीची साद उचलून घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतात, बस्स. इथे आमच्याकडे गणपतीत पुण्याचे गुरुजी फोनवरून पूजा सांगतात, तसंच हे. मंत्र खरा, यजमान खरा, खोटं असतं ते फक्त अंतर.

म्हणूनच ‘आमच्या किल्लीचा कोड दर वेळी बदलतो’ या भरवशावर राहू नका. इथे कोड कोणी फोडतच नाही. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली होती आणि दहाही या युक्तीने उघडली. ब्रिटनमध्ये थॅचम रिसर्च ही संस्था विमा कंपन्यांसाठी गाड्यांची सुरक्षितता तपासते. तिने २०१९ मध्ये या बाबतीत नव्या गाड्यांना श्रेणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या ११ पैकी ६ गाड्या ‘वाईट’ ठरल्या.

दार उघडलं, मग गाडीच का नेली नाही? याच युक्तीने इंजिनही सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की किल्ली लांब गेली तरी चालत्या गाडीचं इंजिन बंद पडत नाही. रस्त्यात अपघात होऊ नये म्हणून ती सोय आहे. चोरांच्या ती पथ्यावर पडते. आमची गाडी वाचली ती स्टीअरिंगला अडकवलेल्या पिवळ्या लोखंडी दांड्यामुळे. तो कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि या चोरांना दोन्ही नको असतात. बॅग उचलून ते चालते झाले.

आता करायचं काय, ते सांगते.

किल्ली सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा. बंद झाकणाचा पत्र्याचा डबाही बहुतेक वेळा चालतो, पण खात्री करून घ्या. किल्ली आत ठेवून ते पाकीट हातात घ्या, गाडीजवळ जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट कुचकामी. अस्तर वापरून झिजतं, म्हणून ही चाचणी अधूनमधून पुन्हा करा. कपाटातली दुसरी किल्ली विसरू नका. तीही गाडीच्या सादेला तितक्याच इमानाने उत्तर देते. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घरातल्या कोणीतरी बटण दाबलं की किल्ली गेलीच.

गाडीचं माहितीपुस्तक एकदा उघडा. अनेक गाड्यांत बिनकिल्लीची सोय मेनूतून बंद करता येते. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांवर लॉकचं बटण दाबून धरून अनलॉकचं दोनदा दाबलं की किल्ली झोपी जाते. फोर्डने २०१९ पासून ब्रिटनमध्ये काही मॉडेलांना अशी किल्ली दिली, जी ४० सेकंद हलली नाही तर आपोआप गप्प होते. नवी गाडी घेताना सनरूफच्या आधी हे विचारा.

भारतातल्या वाचकांसाठी वेगळा धोका पार्किंगमधला. रिमोटचं बटण दाबताना जवळ कोणी जॅमर चालवत असेल तर सिग्नल गाडीपर्यंत पोचत नाही आणि गाडी उघडीच राहते. दाबलं आणि पाठ फिरवली, असं करू नका. दिवे लुकलुकले का, आरसे मिटले का, हे डोळ्यांनी बघा. हँडल ओढून बघायची जुनी सवय इथे फसवते, कारण किल्ली खिशात असेल तर लॉक झालेली गाडीही हात लावताच उघडू शकते. ओढूनच बघायचं तर किल्ली सोबतच्या माणसाकडे देऊन त्याला लांब उभं करा.

आणि पुराव्याची तयारी आधीपासून ठेवा. खूण न ठेवणाऱ्या चोरीत संशयाचं बोट मालकाकडेच वळतं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते लगेच उतरवून घ्या. पोलिसांत तक्रार करून क्रमांक घ्या, त्याशिवाय विमा कंपनी पुढे बोलत नाही. भारतात नुसत्या थर्ड पार्टी विम्यात गाडीची चोरी धरली जात नाही. सर्वंकष विमा असला तरी गाडी चोरीला गेल्यावर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर आजच लेखी कळवून ठेवा. गाडीतल्या सामानाची भरपाई त्यासाठी जादा कव्हर घेतलं असेल तरच मिळते. लॅपटॉप आणि फोनचे अनुक्रमांक घरी लिहून ठेवा.

ब्रिटनच्या सरकारने २०२५ मध्ये अशी यंत्रं बाळगणंच गुन्हा ठरवणारं, ५ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेलं विधेयक संसदेत मांडलं. चांगलं झालं, पण कायदा चोर सापडल्यावर कामाला येतो. तोवर किल्ली पाकिटात, दांडा स्टीअरिंगवर आणि बॅग घरात, एवढं आज रात्रीपासून सुरू करा.